पहिला पाय कुठला?

आक्का कुणाच्याही घरी गेल्या की आधी तांब्याभर पाणी मागायच्या. पाणी पिऊन झालं की उजव्या हाताची दोन बोटं समोर जे असेल त्यावर चालवायच्या. टेबल असो, मागाची फळी असो, नाहीतर स्वतःचा गुडघा. एक बोट पुढं, मग दुसरं, माणूस चालल्यासारखं. "ह्यो एक पाय गांजा," त्या म्हणायच्या, "आणि ह्यो दुसरा आजार. आता मला सांगा, पयला पाय कुठला पडला?"

घरातली माणसं बोटांकडं बघत राहायची. पोरगं बिघडलं एवढं त्यांना ठाऊक असायचं. कशाच्या आधी काय झालं, याचा हिशेब कुणी ठेवलेला नसायचा.

तुम्ही आमच्या बेळगावच्या वडगाव-शहापूर भागातले असाल तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. उंच बाई, खांद्याला कापडी पिशवी, पायात पुरुषी चपला. त्या मानसोपचाराच्या मोठ्या डॉक्टर आहेत हे सांगूनही कुणाला पटायचं नाही. गांजा आणि डोक्याचे आजार यांचं नातं काय, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. जन्म बेळगुंदीचा, शेतकऱ्याच्या घरचा. "मी येतो", "मी जातो" असंच बोलायच्या. आमच्याकडच्या सगळ्याच बायका तसं बोलतात, पण चार बुकं शिकल्या की सोडतात. यांनी परदेशात भाषणं देऊन आल्यावरही सोडलं नव्हतं.

मी त्यांच्याकडं कसा लागलो ते सांगतो. माझे घरचे चार पॉवरलूम बंद पडले होते. बी.ए. होतो, मराठी-कन्नड दोन्ही हातांनी लिहीत होतो, आणि बोलण्यात मला कुणी हरवलेलं नाही. आक्कांना नेमका असाच माणूस हवा होता. दवाखान्यात येणाऱ्या पोरांच्या घरी जायचं, घरच्यांना बोलतं करायचं, फॉर्म भरायचा. मी त्यांच्यापेक्षा वयानं मोठा, म्हणून त्या मला मामा म्हणायच्या. मी मात्र सगळ्यांसारखं आक्काच म्हणायचो.

पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की लोकांना तारीख विचारण्यात अर्थ नाही. "झाली की दोन-तीन वर्षं," हे उत्तर दोन वर्षांच्या दुखण्यालाही असतं आणि बारा वर्षांच्याही. मग मी माझी युक्ती काढली. विणकराच्या घरात विचारायचो, पोरगं एकटं बोलायला लागलं तेव्हा मागावर कुठली साडी होती? बाई क्षणात सांगायची, "मोरपंखी, बारीक काठाची. मी कांड्या भरत हुतो." शेतकऱ्याला पीक विचारायचं. उद्यमबागेतल्या कामगाराला विचारायचं, तेव्हा कुठल्या कारखान्यात होतास? आणि सगळ्यांना, लॉकडाऊनच्या अलीकडं का पलीकडं? आक्का खूश झाल्या. "मामा, तुमचं डोस्कं भाड्यानं द्यायसारखं हाय," म्हणाल्या. मी महिनाभर फुगून होतो.

त्यांचं समजावणंही ऐकण्यासारखं असायचं. गांज्यात एक द्रव्य असतं ते डोकं फिरवतं, दुसरं एक असतं ते फिरलेलं डोकं थोडं आवरतं, असं त्या सांगायच्या. हल्लीच्या मालात पहिलं वाढलंय आणि दुसरं उरलंच नाही, म्हणून भीती जास्त. एकदा शहापुरात एका म्हाताऱ्या विणकराला त्यांनी सांगितलं की तसल्याच जातीचं द्रव्य आपलं शरीर आपलं आपणसुद्धा तयार करतं. म्हातारा घाबराघुबरा झाला. "म्हंजे माझ्या डोस्क्यात गांजा हाय?" "हाय की थोडा." "मग त्या पोलिसास्नी सांगू नगा आक्का!" आक्का एवढ्या हसल्या की हातातल्या कपातला चहा फॉर्मवर सांडला.

निपाणीला तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांनी तर त्यांना सरळ सुनावलं होतं. "आमी जल्मभर तंबाखूत खोकतोय, आमाला इचारायला कोण आलं न्हाय. गांजा वडणाऱ्या पोरांची लई काळजी तुमाला." आक्का पुढच्या खेपेला छातीच्या डॉक्टरांना घेऊन गेल्या.

अशी ही बाई. दुसऱ्याच्या वेड्या पोराच्या गालावरून हात फिरवणारी. पण स्वतःच्या सख्ख्या भावाशी त्या बोलत नव्हत्या.

हे त्यांनी लपवलं नव्हतं. दर पंधरा दिवसांनी मी त्यांना मोटरसायकलवरून बेळगुंदीला न्यायचो. घरात म्हातारी आई आणि मोठा भाऊ. भाऊ पन्नाशीचा, काटकुळा, दिवसभर म्हशींच्या मागं. आक्का पिशवीतून त्याच्या गोळ्या काढायच्या, खिडकीच्या फळीवर ठेवायच्या, आईशी बोलायच्या आणि निघायच्या. तो गोठ्याच्या दारात उभा राहून बघायचा. आक्का तिकडं मान वळवायच्या नाहीत. गोळ्या मात्र एकदाही चुकल्या नाहीत.

एकदा परतीच्या वाटेवर मी धीर करून विचारलं. त्या मागून म्हणाल्या, "मामा, आमचा अण्णा वर्गात पयला यायचा. मला गणित त्यानं शिकिवलं. आणि मग गांज्यानं घेतला त्याला. मीच त्याच्या खिशातली पुडी काढून बाबास्नी दाखिवली. बाबांनी दोराच्या वेटोळ्यानं फोडला. मला वाईट न्हाय वाटलं. आजार झालेल्याची मी सेवा करतो. पण त्यानं आपल्या हातानं करून घेतला. त्ये मला माफ करायला येत न्हाय."

मला तेव्हा हे ठीकच वाटलं. त्या एवढं सगळं संशोधन कशासाठी करतात हेही समजलं. पहिला पाय गांज्याचा, हे त्यांना घरातच कळलेलं होतं. आता ते जगाला दाखवायचं होतं.

आणि आमचे फॉर्म तेच दाखवत होते. घरामागून घर, "आधी गांजा, मग आजार." आक्कांचा लेख एका मोठ्या नियतकालिकात छापून आला. त्यांनी मला पेढे दिले आणि लेखाच्या शेवटी आभारात माझं नाव दाखवलं. इंग्रजीत माझं नाव मी पहिल्यांदाच छापलेलं बघत होतो.

मग अनगोळची एक मुलगी दवाखान्यात आली.

तिच्या भावाचा फॉर्म मीच भरला होता. पोरगा उद्यमबागेत ओतकामाच्या कारखान्यात होता. ती लग्न होऊन खानापूरकडं गेली होती. गळ्यात नवं मंगळसूत्र, आणि चेहरा असा की मी उठून खुर्ची दिली. ती बसली नाही.

"आमच्या भावाला काल बांधून आणलंय," ती म्हणाली. "गांजा सुटला म्हणून घरच्यांनी गोळ्या बंद केल्या. गांज्यानं आलतं, गांज्यासंगट गेलं म्हणाले. आक्का, त्ये गांज्यानं आलंच नव्हतं. त्यो धाव्वीत असल्यापास्नं भिंतीसंगं बोलायचा. गांजा लई मागनं."

आक्कांनी फॉर्म काढला. "हितं तर उलटं हाय."

"माझं लगीन ठरत हुतं," ती म्हणाली. "घरात वेड हाय म्हटल्यावर मला कुणी केली असती? गांजा म्हटलं तर संगत वाईट म्हणत्यात. रक्ताचं नाव येत न्हाय. आई तुमच्या ह्या मामांजवळ खरं बोललीती. बाबा आलं आणि त्यांनी बदलून घ्यायला लावलं."

आक्कांनी माझ्याकडं बघितलं.

वाचकहो, मी आयुष्यात बरंच खोटं बोललोय. धंद्यात बोललो, घरात बोललो. पण त्या नजरेपुढं ते जमलं नाही. ती मुलगी सांगत होती ते अक्षरशः खरं होतं. तिच्या आईनं मला सगळं नीट सांगितलं होतं, मी लिहिलंही होतं. मग बाप कामावरून आला, माझ्या हाताला धरून म्हणाला, "मालक, पोरगी उजवायची हाय. तेवढं गांजा आधी लिवा." मी नवा फॉर्म घेतला आणि लिहिलं. त्यात काही वावगं केलं असं मला वाटलंसुद्धा नाही. आपल्याकडं एखाद्याच्या मुलीचं लग्न ठरत असेल तर चार माणसं चार गोष्टी झाकतात. ते पुण्यच मानतात. मीही पुण्य करत होतो.

"अशी किती घरं, मामा?" आक्कांनी विचारलं.

मी म्हणालो, मी स्वतः बदललेली सात. पण जिथं मला बदलावं लागलं नाही, जिथं त्यांनी आधीच ठरवून सांगितलं, तिथलं मी काय सांगू? ज्या ज्या घरात बहीण लग्नाची होती तिथं "आधी गांजा" हेच उत्तर येणार, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. मला वाटलं, एवढं तर आक्कांनाही माहीत असेल. त्या इथल्याच आहेत.

मी शिव्यांची वाट बघत होतो. पण त्यांनी त्या मुलीला वॉर्डात भावाकडं नेलं, त्याचं औषध स्वतः लिहिलं, आणि बाहेर येऊन मला म्हणाल्या, "गाडी काढा. बेळगुंदीला जाऊया."

तो पंधरवड्याचा दिवस नव्हता. आई ओसरीवर रताळी निवडत बसली होती. लेकीला अवेळी बघून तिनं विचारलं, "काय झालं गं?" आक्कांनी पाणी मागितलं नाही. पिशवीतून कोरा फॉर्म काढला, आईसमोर मांडी घातली आणि परक्या घरात विचारावं तसं विचारलं, "आई, अण्णाला आधी काय झालं?"

"गांजा की गं. तुला म्हायती न्हाय व्हय?"

"मी पुडी काढली त्या साली शेतात काय हुतं?"

"भुईमूग."

"आणि त्याच्या आधल्या साली?"

म्हातारी रताळ्याची माती नखानं खरवडत राहिली. माझीच युक्ती आक्का वापरत होत्या, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"आई, आधल्या साली अण्णा कसा हुता?"

"आधल्या साली रताळी हुती," म्हातारी हळूच म्हणाली. "त्या पावसाळ्यात त्यो जेवायचा न्हाय. कोण तर हाक मारतंय म्हणायचा. विहिरीत वाकून बघायचा. डोळ्याला डोळा न्हाय. मग कुणीतरी त्याला म्हणालं, ह्ये वड, झोप येती."

"मग तुमी मला गांजा का सांगितलं?"

"तुला एकटीला न्हाय, समद्या गावाला सांगिटलं. तुझं लगीन करायचं हुतं गं. वेडाचं घर म्हटल्यावर तुझ्या दाराला कोण आलं असतं?"

आक्का एकदम उठल्या. "लगीन?" त्यांचा आवाज चिरकला. "आई, त्ये लगीन मी केलंच न्हाय की गं!"

म्हातारीनं वर बघितलं. मग ती पुन्हा रताळी निवडायला लागली.

आक्का गोठ्याकडं गेल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना त्या बाजूला पाऊल टाकताना पाहिलं नव्हतं. भाऊ म्हशीला वैरण टाकत होता, तो थांबला. अंतर बरंच होतं, मला शब्द ऐकू येत नव्हते. आक्का काहीतरी विचारत होत्या. तो आधी मान खाली घालून उभा राहिला, मग बोलायला लागला. सावकाश, हातवारे करून. मध्येच परसाच्या एका कोपऱ्याकडं त्यानं बोट दाखवलं. आक्कांनी एक हात म्हशीच्या पाठीवर ठेवला होता, तो त्यांनी काढला आणि त्या खाली जमिनीवर बसल्या. शेणात. तो त्यांच्या समोर उकिडवा बसला आणि पुढं काही सांगत राहिला.

परत आल्या तेव्हा त्यांना चपला घालता येईनात. पाय नीट आत जाईना. मी वाकून चपला पुढं सरकवल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या नियतकालिकाला पत्र लिहिलं, की माझा लेख मागे घ्या, माहिती खरी नाही. बरोबरीचे डॉक्टर समजवायला आले. घरच्यांच्या आठवणीत थोडं इकडंतिकडं होतंच, जगात सगळीकडं होतं, एवढ्यासाठी कुणी लेख मागे घेतं का? कन्नडमधून, इंग्रजीतून, सगळीकडून समजावलं. आक्का म्हणाल्या, "थोडं न्हाय ते." मला कुणी विचारलं असतं तर मी पाया पडून सांगितलं असतं की ठेवा तो लेख, त्यात माझं नाव आहे. एवढा मी अजून हलका होतो.

गांजा आरोपातून सुटला असं समजू नका, असंही त्यांनी मला बजावलं. "गांजा निर्दोष हाय असं मी म्हणालो म्हणून कुणाला सांगितलंसा तर कान उपटीन. त्यानं डोस्की बिघडत्यात, बिघडलेली आणखी बिघडत्यात. पण कुणाच्या घरात काय आधी झालं, त्ये आपल्याला ठावं न्हाय. ज्याचं डोस्कं, त्याला आपण इचारलंच न्हाय."

हे शेवटचं वाक्य ऐकून मी चरकलो. खरंच की. एवढे फॉर्म भरले, आई-बाप, काका, शेजारी, सगळ्यांना विचारलं. पोरगं समोर कोपऱ्यात बसलेलं असायचं. त्याला काय विचारायचं, तो वेडा, असं मी धरून चाललो होतो.

मला त्यांनी काढून टाकलं नाही. शिक्षा मात्र अशी दिली की काढलेलं परवडलं असतं. त्या सातही घरी मला पाठवलं. दारात उभं राहून म्हणायचं, मी खोटं लिहिलं होतं, आता खरं लिहायला आलोय. तुमच्या पोराच्या गोळ्या गांज्यासाठी नव्हत्या, बंद केल्या असतील तर आजच्या आज दवाखान्यात चला. दोन घरांनी चहा विचारला नाही. एका घरी बाईनं अंगावर केरसुणी उगारली. अनगोळच्या त्या बापानं मात्र मला आत बसवलं.

नवा फॉर्म आक्कांनी स्वतः तयार केला. आता आधी रुग्णाला विचारायचं, घरचे बाहेर. आणि शेवटी एक नवा प्रश्न: हे तुम्ही पहिल्यांदा कुणाला सांगितलंत, आणि त्या माणसानं काय केलं?

मी म्हणालो, "आक्का, ह्याचा गांज्याशी काय संबंध?"

"इचारा तुमी," त्या म्हणाल्या.

विचारलं. तुम्हाला काय सांगू, त्या एका प्रश्नानं माझी झोप उडवली. "आईला सांगितलं. तिनं नारळ फोडला." "मास्तरास्नी. त्यांनी बाकावर उभा केला." "कारखान्यातल्या दोस्ताला. त्यानं चिलीम दिली, म्हणाला हे वड, बरं वाटंल." आणि पुष्कळ जणांचं उत्तर एकच, "आजपातूर कुणी इचारलं न्हाय. तुमीच पयले." छत्तीस वर्षांचा एक माणूस हे म्हणाला आणि त्यानं माझ्या हातातलं पेन धरून ठेवलं. सोडेचना.

दीड वर्षानं आक्का बेळगाव सोडून गेल्या. खाली दक्षिण कर्नाटकात, एका लहानशा तालुक्याच्या गावी. इथल्यापेक्षा बऱ्याच खालच्या हुद्द्याची जागा. आई त्या वर्षी वारली होती. भावाला त्यांनी बरोबर नेलं. म्हशी विकताना तो रडला, तर एक म्हैस घेऊनच गेल्या. ट्रकमध्ये पुढं त्या, मागं भाऊ आणि म्हैस. मी हात हलवला. त्यांनीही हलवला, पण त्यांचं सगळं लक्ष मागच्या जाळीतून भावाकडं होतं.

त्यांच्या खोलीत आता दुसरे डॉक्टर बसतात. भले गृहस्थ आहेत, पण लोकांच्या घरी पाणी पीत नाहीत. फॉर्मचं काम चालू आहे आणि कपाटाची किल्ली माझ्याकडं असते. परवा सगळे नव्यानं लावायला काढले, तर नव्या फॉर्मांच्या गठ्ठ्यात सगळ्यात खाली क्रमांक एक सापडला. तो मी भरलेला नव्हता. आमच्या फॉर्मवर नाव नसतं, फक्त गाव. गाव बेळगुंदी होतं आणि अक्षर आक्कांचं.

आधी काय, तर हाका ऐकू येणं. शेतात रताळी होती त्या साली. गांजा पुढच्या साली, झोपेसाठी. मी वाचत खाली आलो.

पहिल्यांदा कुणाला सांगितलं?

"धाकट्या बहिणीला. परसात, गणित शिकवताना."

तिनं काय केलं?

"हसली." आणि त्यापुढं, पेशंटचे शब्द जसेच्या तसे लिहायचे असा आमचा नियम आहे म्हणून, आक्कांनी लिहिलं होतं, "ल्हान हुती वो ती. तिला काय बोलू नगा."